काढा, फांट, अनुलोमन, अनुपान : वनौषधींची भाषा

वनस्पतिशास्त्र शिकवत असल्यामुळे विद्यार्थी, त्यांचे पालक, शेजारी आणि नातेवाईक या सर्वांकडून मला एकच प्रश्न सतत विचारला जातो : "मॅडम, अमुक तक्रारीवर कोणती वनस्पती चांगली?" विचारणाऱ्याला झाडाचे नाव हवे असते आणि नाव मिळाले की काम झाले, अशी त्याची समजूत असते. फोनवर फिरणारे संदेशही याच घाटाचे असतात. खोकल्यावर अडुळसा, तापावर गुळवेल, पोटावर हिरडा. अशा वाक्यात औषध सांगितलेले नसते. केवळ झाडाकडे बोट दाखवलेले असते. त्या झाडाचा कोणता भाग घ्यायचा, तो ओला की वाळलेला, त्याचे पुढे काय करायचे, किती घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे आणि कोणी मुळीच घ्यायचे नाही, हे सगळे ठरल्यानंतर त्या वनस्पतीचे औषध होते. आपल्या परंपरेने यांतल्या प्रत्येक निर्णयासाठी स्वतंत्र शब्द घडवला आहे, आणि म्हणून नुस्खे पाठ करण्याआधी हे शब्द नीट शिकून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. मी वैद्य नाही. वनस्पती ओळखणे आणि ओळखायला शिकवणे हे माझे काम. त्यामुळे पुढील मजकुरात उपचार सांगितलेले नाहीत. जी उदाहरणे येतील ती शब्दांचा अर्थ स्पष्ट करण्यापुरतीच आहेत.

पहिला शब्द 'पंचांग'. वनस्पतीच्या संदर्भात पंचांग म्हणजे मूळ, साल, पान, फूल आणि फळ ही पाचही अंगे मिळून अख्खी वनस्पती. भुईआवळी किंवा माका यांसारख्या लहान रोपांच्या बाबतीत पंचांग घेणे सोपे असते आणि तसे सांगितलेलेही असते. मोठ्या झाडांच्या बाबतीत मात्र प्रत्येक अंगाचा धर्म निराळा असतो. एरंडाचे पान गरम करून दुखऱ्या सांध्यावर बांधतात, त्याचे मूळ वातविकारांच्या काढ्यांत पडते, बियांचे तेल रेचक म्हणून देतात आणि ती बी तशीच चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकते, कारण बियांत रायसिन नावाचे तीव्र विष असते. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते. 'एरंड घ्या' एवढेच सांगणाऱ्या माणसाने नेमके काय सांगितले, असा प्रश्न मग पडल्यावाचून राहत नाही.

कुड्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. पांढऱ्या कुड्याची साल हे अतिसारावरचे जुने, प्रसिद्ध औषध. त्याच झाडाच्या लांब, जोडीने लोंबणाऱ्या शेंगांतून जे बारीक, जवासारखे बी निघते त्याला 'इंद्रजव' म्हणतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात साल आणि इंद्रजव ही दोन वेगळी औषधे म्हणून दोन वेगळ्या डब्यांत असतात. येथेच आणखी एक पेच आहे. काळा कुडा हे वेगळ्या प्रजातीचे झाड. त्याच्या शेंगाही तशाच जोडीने येतात आणि बीही बरेचसे तसेच दिसते. म्हणून बाजारात 'कडू इंद्रजव' आणि 'गोड इंद्रजव' असे दोन शब्द रुळले. कडू तो पांढऱ्या कुड्याचा, गोड तो काळ्या कुड्याचा. नुसता इंद्रजव मागणाऱ्याला जाणता दुकानदार उलट विचारतो, आणि तसे विचारणाऱ्या दुकानदाराकडूनच माल घ्यावा.

हिरड्याभोवती तर शब्दांचे एक कुटुंबच जमले आहे. बी धरण्याआधीच गळून पडलेली किंवा काढून वाळवलेली कोवळी, काळी, सुरकुतलेली फळे म्हणजे 'बाळहिरडा'. पूर्ण पक्व झालेले, मोठे, पिवळट तपकिरी फळ म्हणजे 'सुरवारी हिरडा'. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणे हा आदिवासी कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार आहे. तेथे एखाद्या वर्षी मोहोर झडला किंवा भाव पडला तर त्याची झळ थेट घराला बसते. त्रिफळ्यासाठी लागतो तो पक्व हिरडा आणि तोही बी काढून टाकलेला. हिरड्याचे दळ, बेहड्याचे दळ आणि आवळकाठी असे शब्द यासाठीच वापरले जातात. दळ म्हणजे फळाचा बीभोवतीचा भाग, आणि आवळकाठी म्हणजे बी काढून वाळवलेला आवळा. अख्खी फळे बियांसकट दळून केलेली पूड त्रिफळा या नावाने विकली जाऊ शकते, परंतु तिच्या वजनाचा मोठा वाटा निरुपयोगी कठीण बियांचा असतो.

अंग कोणते यासोबत ते केव्हा काढले, हाही प्रश्न जोडलेला आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या कल्पस्थान या विभागात पाने आणि फांद्या वर्षा व वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, झाडाचा गाभा हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या हंगामात घ्यावीत असे सांगितले आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातला बराचसा तर्क सहज पटतो, कारण पाने झडलेल्या किंवा वाढ थांबलेल्या काळात अनेक झाडांच्या मुळांत साठा अधिक असतो.

आता कृतीचे शब्द. शार्ङ्गधराच्या शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथात आणि त्याआधी चरकसंहितेत वनस्पती घेण्याचे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. स्वरस म्हणजे ताज्या वनस्पतीचा ठेचून, पिळून काढलेला रस. कल्क म्हणजे ओली किंवा भिजवलेली वनस्पती पाट्यावर वाटून केलेला गोळा. क्वाथ म्हणजे आपला काढा. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेले पाणी, आणि फांट म्हणजे उकळलेले पाणी वनस्पतीवर ओतून, थोडा वेळ झाकून, कुस्करून गाळलेले. हा क्रम जडाकडून हलक्याकडे जाणारा आहे : स्वरस पचायला सर्वांत जड आणि फांट सर्वांत हलका. ज्याची भूक मेलेली आहे, जो बरेच दिवस आजारी आहे, त्याला स्वरस द्यायचा की फांट, हा निर्णय या क्रमावरून होतो. सकाळी उपाशीपोटी कसले कसले हिरवे रस पेलाभर पिण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, तिच्यात हा विचार कोठेच दिसत नाही.

पाण्याचे प्रमाणही ठरलेले आहे. शार्ङ्गधराच्या पद्धतीने क्वाथासाठी एक भाग भरडीला सोळा भाग पाणी घेऊन ते आठव्या हिश्शापर्यंत आटवायचे. हिमासाठी सहा भाग थंड पाणी. फांटासाठी चार भाग कढत पाणी. पल या जुन्या वजनाचे ४८ ग्रॅम हे आजचे अधिकृत रूपांतर धरले, तर एका पलाच्या काढ्याला सुमारे ७६८ मिलिलिटर पाणी लागते आणि हाती ९६ मिलिलिटर काढा येतो. मऊ वनस्पतींना पाणी कमी घ्यावे, कठीण मुळांना आणि सालींना जास्त, असेही पोटभेद आहेत. काढ्यासाठी 'भरड' लागते, म्हणजे जाडसर कुटलेले औषध. वस्त्रगाळ चूर्ण काढ्यात घातले तर ते तळाशी बसते, करपते आणि गाळताही येत नाही. वस्त्रगाळ म्हणजे पातळ कापडातून चाळलेले. ते मधातुपात चाटण्यासाठी किंवा पाण्याबरोबर घेण्यासाठी असते. काढा मंद आचेवर, भांडे उघडे ठेवून आटवावा, हेही शास्त्रात स्पष्ट सांगितले आहे.

आता ज्या वनस्पतींचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात आहे त्यांचे काय? उघड्या भांड्यात अर्धा तास उकळल्यावर तुळस, दालचिनी, वेलची यांचे तेल वाफेबरोबर निघून जाते आणि स्वयंपाकघर दरवळते. पेल्यात उरतो तो तिखट, कडसर अंश. अशा द्रव्यांसाठी फांट योग्य. करोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्याचे प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक असे होते, आणि १५० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम पूड चहासारखी दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावी असे सुचवले होते. घरोघरी मात्र मूठमूठ मिरी आणि सुंठ घालून, पातेलेभर पाणी आटवून, ऐन वैशाखात दिवसातून तीन-चार वेळा ते प्याले गेले. तोंड येणे, छातीत जळजळ, मूळव्याध उठणे अशा तक्रारी माझ्या ओळखीत तेव्हा अनेकांनी सांगितल्या. मंत्रालयाने सांगितलेली मात्रा आणि घराघरांत घेतलेली मात्रा यांत मोठी तफावत होती, आणि दोन्हींना 'काढा' हे एकच नाव होते.

उलट हिमाचा उपयोग जवळजवळ विसरलाच गेला आहे, याचे मला वाईट वाटते. धने भरडून रात्री थंड पाण्यात भिजत घालायचे आणि सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून प्यायचे, हा धान्यकहिम उन्हाळ्यातल्या दाहावर आणि तहानेवर सांगितलेला आहे. ना आच, ना कष्ट.

स्वरसाबद्दल एक कृती जरा तपशिलाने सांगते, कारण तिच्यात या साऱ्या विद्येची बारकाई दिसते. अडुळशाचे पान मोठे आणि हिरवेगार असले तरी ते हाताने चुरगाळून पिळले तर रस जेमतेम थेंबभर येतो. पान कोरडे आणि चिवट असते. म्हणून अडुळशासाठी 'पुटपाक' सांगितला आहे. पाने पाणी न घालता वाटून त्यांचा कल्क करायचा. तो गोळा वडाच्या, जांभळीच्या किंवा एरंडाच्या पानांत घट्ट गुंडाळून वरून दोऱ्याने बांधायचा. त्यावर चिकणमातीचा दोन बोटे जाडीचा थर द्यायचा आणि तो गोळा निखाऱ्यांत ठेवायचा. माती तापून लालसर झाली की बाहेर काढून फोडायची, पाने सोडवायची आणि आतला कल्क गरम असतानाच फडक्यातून पिळायचा. आतल्या आत वाफेने शिजल्यामुळे पेशी फुटलेल्या असतात आणि गर्द, तपकिरी झाक असलेला हिरवा रस धारेने उतरतो. तो पूर्ण निवल्यावर त्यात मध घालतात, कारण मध गरम करू नये आणि गरम पदार्थात घालू नये असा नियम आहे. शहरातल्या घरात निखारे नसले तर पाने चाळणीत वाफवून पिळतात. विद्यार्थ्यांना ही कृती दाखवली की 'स्वरस' हा शब्द त्यांना पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

घरातल्या बायकांजवळ कृतीची आणखी बारीक क्रियापदे होती. ठेचणे, कुटणे, वाटणे, खलणे, घोटणे आणि उगाळणे या सहा क्रिया सहा वेगळ्या कामांसाठी आहेत. खलणे खलबत्त्यात किंवा वैद्याच्या खलात. त्यात औषध द्रवाबरोबर एकजीव होईपर्यंत घासले जाते. एखाद्या चूर्णाला दुसऱ्या वनस्पतीच्या रसात खलून वाळवणे म्हणजे 'भावना देणे', आणि ते सात वेळा केले की सात भावना झाल्या. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात, त्यामुळे मापाने तेवढेच चूर्ण गुणाने अधिक बळकट होते. उगाळणे हे सहाणेवर. बाळगुटीत हिरडा, मुरडशेंग, सागरगोटा, वेखंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, अतिविष अशी द्रव्ये आईच्या दुधात उगाळली जात आणि त्यांची मात्रा 'वेढ्यां'नी मोजली जाई. सहाणेवर एकदा गोल फिरवले की एक वेढा. जायफळाचा अर्धा वेढा, हिरड्याचे दोन, असे प्रत्येकाचे मोजमाप जुन्या बायकांच्या बोटांत असे, आणि बाळाच्या महिन्यांप्रमाणे ते वाढे. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगतात, आणि तो सल्ला मी पूर्ण मानते. वेखंड आणि जायफळ यांचे प्रमाण किंचित वाढले तरी तान्ह्या बाळाला ते बाधते, आणि बाजारात तयार पूड किंवा द्रव स्वरूपात मिळणाऱ्या गुटीत वेढ्याचे मापच उरलेले नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, हेही येथेच सांगून ठेवते, कारण त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

माझ्या मते सर्वांत अधिक नुकसान ज्या शब्दांच्या विसराने झाले, ते शब्द औषधाच्या कार्याचे आहेत. 'पोट साफ होत नाही' ही घरोघरची तक्रार, आणि तिच्यावर जे मिळेल ते रात्री चमचाभर घ्यायची सवय. शार्ङ्गधराने मात्र मळ खाली नेणाऱ्या द्रव्यांचे चार वर्ग केले आणि प्रत्येकाला एकेक उदाहरण दिले. मळाचा परिपाक करून, त्याची बांधणी मोडून, त्याला त्याच्या नैसर्गिक मार्गाने खाली नेणारे ते 'अनुलोमन', उदाहरण हिरडा. पचायला हवे होते परंतु पचले नाही आणि कोठ्यात चिकटून बसले, अशाला न पचवताच खाली आणणारे ते 'स्रंसन'. उदाहरण बहावा, म्हणजे बहाव्याच्या शेंगेतला काळा, चिकट मगज. बांधलेल्या किंवा न बांधलेल्या, खड्यांसारख्या झालेल्या मळाला फोडून बाहेर काढणारे ते 'भेदन'. उदाहरण कुटकी, जी हिमालयात उंचावर होते. आणि पक्व असो वा अपक्व, सगळ्याला पातळ करून बाहेर लोटणारे ते 'रेचन', उदाहरण निशोत्तर. ही चार पायऱ्यांची चढती तीव्रता आहे. ज्याला अनुलोमनाने भागते त्याने रेचन घेणे म्हणजे दार नुसते लोटलेले असताना ते पहारीने फोडण्यासारखे आहे.

या चौकटीतून आजच्या बाजाराकडे पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. पोट साफ करणारी म्हणून विकली जाणारी अनेक चूर्णे मुख्यतः सोनामुखीच्या पानांवर उभी असतात. सोनामुखी युनानी वैद्यकातून आपल्याकडे रुळली. ती मोठ्या आतड्याला चेतवून काम करते, आणि रोज घेत राहिल्यास तिच्यावाचून शौचाला होत नाही अशी अवस्था येऊ शकते, शिवाय शरीरातील पोटॅशियम घटण्याचा धोका राहतो. इसबगोल याहून सर्वस्वी वेगळा. तो पाणी धरून फुगतो आणि मळाला आकारमान देतो, म्हणून तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचा असतो. सोनामुखी, इसबगोल आणि हिरडा ही तिन्ही 'पोटाची औषधे' म्हणून एका फळीवर ठेवलेली असतात, आणि घेणाऱ्याला त्यांतला फरक विचारायला शब्द नसतो. डब्याच्या मागच्या बाजूला घटकद्रव्ये छापलेली असतात. सोनामुखीचे संस्कृत नाव 'मार्कंडिका' किंवा 'स्वर्णपत्री' तेथे दिसले तर ते चूर्ण रोजच्या सवयीचे नव्हे, एवढे तरी ओळखता यावे.

दीपन आणि पाचन ही जोडीही अशीच एकत्र उच्चारली जाते, जणू दोन्हींचा अर्थ एकच. जे अग्नी वाढवते, भूक लावते, पण साठलेला आम, म्हणजे न पचलेला अन्नाचा अंश, पचवत नाही ते दीपन. शार्ङ्गधराचे उदाहरण बडीशेपेचे आहे. जे आम पचवते पण भूक वाढवत नाही ते पाचन, उदाहरण नागकेशराचे. दोन्ही करणारा चित्रक. जेवणानंतर बडीशेप चघळून जड जेवण पचेल, ही आपली सार्वत्रिक श्रद्धा या व्याख्येत बसत नाही. चित्रक दोन्ही कामे करतो म्हणून तो सर्वांत चांगला, असेही मानू नये. त्याचे मूळ अतिशय तीव्र असते, कातडीवर लावले तर फोड आणते, आणि गर्भवतीने ते मुळीच घ्यायचे नसते. याच्या पुढची जोडी 'ग्राही' आणि 'स्तंभन'. दीपन-पाचन करून आपल्या उष्ण गुणाने पातळपणा शोषणारे ते ग्राही, जसे सुंठ आणि जिरे. थंड, रूक्ष, तुरट गुणाने नुसते थांबवून धरणारे ते स्तंभन, जसे कुड्याची साल आणि टेंटू. पोट बिघडल्यावर पहिल्याच दिवशी स्तंभन देऊन आतला दोष आतच कोंडू नये, हा जुना नियम या दोन शब्दांतील भेदावर उभा आहे. लहान मुलांच्या जुलाबांत मात्र शब्दांचा विचार मागे ठेवून आधी मीठ-साखरेचे पाणी सुरू करावे आणि दवाखाना गाठावा.

रस, वीर्य आणि विपाक हे तीन शब्द येथे थोडक्यात. रस म्हणजे जिभेला लागणारी चव, वीर्य म्हणजे उष्ण किंवा शीत अशी द्रव्याची शक्ती, विपाक म्हणजे पचनानंतर उरणारा परिणाम. आवळा चवीला आंबट असूनही शीत आहे. सुंठ आणि पिंपळी चवीला तिखट असूनही त्यांचा विपाक मधुर सांगितला आहे. चवीवरून औषध ठरवणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

नावांचा गोंधळ हा माझ्या विषयाच्या सर्वांत जवळचा भाग. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात इकडच्या औषधी द्रव्यांची वेगवेगळ्या भाषांतली नावे विचारून नोंदवली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्यांचे जाणे-येणे होते. एकच द्रव्य गावोगावी निराळ्या नावाने आणि एकच नाव निराळ्या द्रव्यांना, ही अडचण तेव्हाही होती. आपल्या रोपवाटिकेत 'ब्राह्मी' मागितली की बहुधा गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, कातरलेल्या कडांच्या आणि लांब देठांच्या पानांची वेल हाती पडते. ती सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. ग्रंथांतील ब्राह्मी म्हणून बहुतेक अभ्यासक जी धरतात ती बाकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. तिची पाने लहान, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर असतात, फुले फिकट पांढरी-निळसर, आणि ती ओलसर जागी जमिनीलगत पसरते. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु दोन्हींतील घटक निराळे आहेत. अशोकाची गत याहून वाईट. अशोकारिष्ट या औषधातला अशोक म्हणजे केशरी-लाल फुलांचे घोस येणारा सीताअशोक, सराका असोका. सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने लावलेला उंच, सरळ, लोंबत्या पानांचा 'अशोक' हे सीताफळाच्या कुळातले वेगळेच झाड आहे आणि त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत भेसळ म्हणून मिसळली जाते. सीताअशोक रानात कमी होत चालला आहे, म्हणून भेसळीला आणखी वाव मिळतो.

गुळवेलीच्या बाबतीत तर नावाचा प्रश्न यकृतापर्यंत पोहोचला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने असे म्हटले की वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली होती का, हे पाहायला हवे, कारण टिनोस्पोरा कॉर्डिफोलियासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक ठरू शकते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठीगाठी असतात. खऱ्या गुळवेलीच्या खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने सोलली की आत हिरवा रंग दिसतो आणि खोड आडवे कापले तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. डॉक्टरांचे म्हणणे केवळ चुकीच्या वेलीवर ढकलून देता येण्यासारखे नाही. काही रुग्णांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती, आणि प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध अशा प्रकृतीला का बाधावे, हे समजण्याजोगे आहे. ज्यांना थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार, संधिवात किंवा यकृताचा आजार आहे, त्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

दशमूळ या नावातच अंग सांगितलेले आहे : दहा मुळे. त्यांत सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही पाच लहान झाडांची. बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही पाच मोठ्या वृक्षांची. वृक्षाचे मूळ खणले की वृक्ष जातो. त्यामुळे बाजारात या पाचांच्या मुळांऐवजी खोडाची साल वापरली जाते, आणि ती मुळाइतकी गुणकारी ठरते का, याचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा असे मला कळकळीने वाटते, कारण उत्तर होकारार्थी आले तर झाडे वाचतील आणि नकारार्थी आले तर ती मुद्दाम लावावी लागतील.

'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार' या समजुतीला उत्तर देणारा शब्द 'शोधन'. बिब्बा कच्चा हाताळला तरी कातडी भाजते. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत, इतका तो जहाल. औषधात घेण्याआधी त्याची टोपी काढून, तो विटेच्या भुकटीत मुरवून, चोळून आणि गरम पाण्याने धुऊन त्यातले दाहक तेल कमी केले जाते. बचनाग या विषारी मुळाचे शोधन गोमूत्रात किंवा दुधात करतात. हे काम घरी करण्याचे नव्हे, आणि 'शुद्ध' हा शब्द औषधाच्या नावामागे असेल तर तो ह्या प्रक्रियेची नोंद म्हणून वाचावा.

शेवटी अनुपान आणि मात्रा. अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर किंवा ज्याच्या मागून घ्यायचे ते : मध, तूप, दूध, ताक, कोमट पाणी. तेच सितोपलादि चूर्ण कफाच्या ओल्या खोकल्यात मधातून आणि कोरड्या खोकल्यात तुपातून देण्याची रीत आहे. त्या चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक असते, म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेह असलेल्याला हे प्रमाण माहीत असायला हवे. मात्रेसाठी पूर्वी गुंज, मासा आणि तोळा ही वजने होती : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणून एक गुंज जेमतेम १२० मिलिग्रॅम. गुंजेने मोजायचे औषध आणि तोळ्याने मोजायचे औषध यांत शंभरपटीच्या आसपास अंतर आहे. आज सगळेच 'अर्धा चमचा' झाले. ज्येष्ठमधासारखी गोड, निरुपद्रवी वाटणारी काडीसुद्धा रोज, पुष्कळ दिवस आणि सैल हाताने घेतली तर शरीरात मीठ-पाणी साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब चढवते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेल्याने खोकल्यासाठी ती चघळताना आपल्या डॉक्टरांना तसे आधी सांगावे, आणि वैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी.